झाकणातले दोन वायसर

माझा मामा मोजतो. चहात साखर घालताना चमचे मोजतो, जिना चढताना पायऱ्या मोजतो, आणि समोरचा फार बोलायला लागला तर त्याचे शब्दही मोजत असावा, कारण मध्येच हात वर करून "बास" म्हणतो. मामी म्हणते, "लग्नाला होकार द्यायलासुद्धा ह्यांनी तीन दिवस घेतले. मला वाटलं विचार करतायत. हे माझ्या भावंडांची संख्या मोजत होते."

नदीकाठी त्याला सगळे मिस्त्री म्हणतात. धक्क्याच्या उताराला लागून त्याची पत्र्याची लांबट शेड आहे. दार एवढं रुंद की ट्रॉलीवर चढवलेली बोट मागच्या बाजूने सरळ आत येते. या काठावरून त्या काठावर माणसं नेणाऱ्या चार बोटी आहेत, त्या चारही त्याच्याच हाताखालून जातात. त्यातली एक मी चालवते. मामा मला कॅप्टन म्हणतो. त्यात कौतुक किती आणि टिंगल किती, हे अकरा वर्षांत मला कळलेलं नाही, आणि विचारायची सोय नाही.

आमच्या बोटींचं इंजिन आत असतं, मागच्या फळीला टेकून. बाहेर पाण्यात लोंबतो तो ड्राइव्ह. शेडमध्ये त्याला 'पाय' म्हणतात. पायाच्या टोकाला पंखा, आणि पोटात दातेरी गिअर. ते गिअर तेलात बुडून असतात. तेल धड तर पाय धड. दर शंभर तासांनी ते तेल बदलायचं. खालचा स्क्रू काढायचा, मग वरचा काढायचा, जुनं तेल ट्रेमध्ये वाहून जातं. नवीन तेल मात्र खालच्याच भोकातून हातपंपाने वर चढवायचं. वरच्या भोकातून तेल ओघळायला लागलं की आधी वरचा स्क्रू लावायचा, मग खालचा. वरून ओतलं तर आत हवा अडकते आणि पाय अर्धपोटी राहतो. अर्ध्या तासाचं काम. ऐकताना कुणालाही वाटेल, यात काय आहे? मलाही वाटतं, म्हणूनच मामा मला पान्याला हात लावू देत नाही.

यात जे काय आहे, ते वायसरात आहे. दोन स्क्रू, दोघांच्या गळ्यात एकेक वायसर, नखाएवढा, काळा, चपटा. तेल बदललं की वायसरही नवे घालायचे. पण जुना वायसर कधीकधी स्क्रूबरोबर बाहेर येत नाही. भोकाच्या कडेला चिकटून बसतो. तेलाने सगळंच काळं झालेलं, त्यामुळे दिसतही नाही. त्याच्यावर नवा चढवला की हाताला घट्ट लागतं, मन खूश होतं, आणि पाय पाण्यात गेला की तेल झिरपायला लागतं नाहीतर पाणी शिरायला लागतं. म्हणून मामाकडे एका जुन्या डब्याचं पितळी झाकण आहे. काढलेला प्रत्येक वायसर त्या झाकणात. झाकणात दोन आल्याशिवाय नव्या वायसरचं पाकीट फाडायचं नाही. शेडचा हा पहिला नियम.

दुसरा नियम भिंतीवर आहे. दारासमोरच्या भिंतीवर खिळ्यांची एक ओळ आहे. शेडमध्ये कुणाच्या चुकीने एखादी वस्तू वाया गेली, तर ती वस्तू खिळ्याला टांगायची आणि खाली पांढऱ्या रंगाने त्या माणसाचं नाव लिहायचं. त्यापुढे एक वर्ष त्याने चूक न करता काम केलं की मामा स्वतः स्टुलावर चढून ती वस्तू उतरवतो, नाव पुसतो आणि त्या माणसाला चहा पाजतो. अनेक कारागीर येऊन गेले. वाकलेला पंखा, तुटलेला पाना, फाटलेलं सील, सगळं लागलं आणि उतरलं. कुणाला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट वर्ष पुरं झाल्यावर लोक मिशीला पीळ देत फिरायचे.

एकच वस्तू नऊ वर्षं उतरली नव्हती. एक जळलेला गिअर, निळा-काळा पडलेला, दाते झिजलेले. खाली लिहिलेलं, 'पक्कड'.

पक्कड म्हणजे मामाची मुलगी, माझी मामेबहीण. तान्ही असताना तिने मामाचं बोट धरलं की सोडायची नाही, तेव्हापासून तिचं हे नाव. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, म्हणून मी पक्कडताई म्हणते. शाळा सुटली की दप्तर शेडमध्ये. विसाव्या वर्षी तिचा हात मामाच्या हाताइतका चालायचा. मामा तोंडावर कधी बोलला नाही, पण गिऱ्हाईक आलं की "पक्कडला दाखव" म्हणायचा, आणि त्याच्या भाषेत हे फार झालं.

नऊ वर्षांपूर्वी तिने एका बोटीचं तेल बदललं आणि आठवड्याने त्या बोटीचा गिअर नदीच्या मध्यावर जळाला. तेल सगळं झिरपून गेलं होतं. बोट ओढून आणली, पाय उघडला, तर खालच्या भोकाशी दोन वायसर एकावर एक. मी तिथे होते. मामाने विचारायच्या आत ती म्हणाली, "झाकणात एकच होता. दुसरा खाली पडला असेल असं वाटलं मला. माझी चूक आहे."

मिनिटसुद्धा लागलं नाही तिला.

मामाने गिअर खिळ्याला लावला. इथपर्यंत ठीक होतं, नियम होता. पण मग चार बोटवाले उभे असताना, ब्रश धुता धुता, तो म्हणाला, "उद्यापासून घरात राहून आईला मदत कर."

असं त्याने दुसऱ्या कुठल्याही कारागिराला म्हटलं नव्हतं. ज्याने अख्खा पंखा वाकवला त्यालाही नाही. पक्कडताईने हात पुसले, फडकं घडी करून बाकावर ठेवलं आणि गेली. घरात राहिली नाही. तिसऱ्या दिवशी बसने तासभर लांबच्या गावी गेली, पंप दुरुस्तीच्या दुकानात लागली, आज ते दुकान तीच चालवते. दर रविवारी मामीला फोन करते. मामा पलीकडच्या खोलीत बसून मामीचे "हं" आणि "बरं" मोजतो. नऊ वर्षांत बापलेक एकमेकांशी बोललेले नाहीत. घरी येते तीही मामा शेडमध्ये असताना.

आता या वर्षी मामाच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. दोन्ही डोळ्यांत. पण ज्याला दिसत नाही त्यालाच ते कबूल नव्हतं. अखेर मामीने ओढत नेलं आणि उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख घेतली, शुक्रवारची. त्यानंतर डावा. डॉक्टरांनी सांगितलं, दोन महिने वाकायचं नाही, तेलकट हात डोळ्याजवळ न्यायचे नाहीत. म्हणजे शेड बंद. म्हणजे आमच्या चार बोटी दुरुस्तीला अडीच तास खालच्या धक्क्याला, आणि तिथे एकदा गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही. चाळीस वर्षांची शेड दोन महिन्यांत थंड पडली असती.

"पक्कडला बोलवा," मामी म्हणाली.

"तिचं वर्ष पुरं झालेलं नाही," मामा म्हणाला.

"नऊ झाली!"

"कामाचं वर्ष. या शेडमधलं."

मामी माझ्याकडे वळून म्हणाली, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही," आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

हे रविवारचं. सोमवारी दुपारी माझ्या बोटीचे शंभर तास भरले होते, म्हणून मी ती शेडमध्ये आणली. बंद होण्याआधीचं शेवटचं काम. मामाने पाय सरळ खाली घेतला, ट्रे सरकवला, गुडघ्यावर बसला आणि खालचा स्क्रू सैल केला.

आधी आलं ते पाणी. चमचा-दोन चमचे, स्वच्छ. आणि मग आलं ते तेल म्हणायचं तर म्हणावं, असं काहीतरी. दुधाचा चहा असतो ना, तसं. तेलात पाणी घुसळलं गेलं की ते असंच होतं. मामाला रंग दिसला नसावा, पण त्याने दोन बोटांवर घेऊन चोळलं, आणि त्याचा हात तिथेच थांबला.

त्याने वरचा स्क्रू काढला. स्क्रूबरोबर एक वायसर आला, तो झाकणात टाकला. मग करंगळीचं नख भोकाच्या कडेने फिरवलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा नखाला काहीतरी लागलं. त्याने ते अलगद सोडवलं आणि डोळ्यापाशी, अगदी पापणीला लागेल इतक्या जवळ धरलं. दुसरा वायसर, चपटा होऊन कागदासारखा झालेला.

अडीच महिन्यांपूर्वी हे तेल मामानेच बदललं होतं. मधे कुणी पायाला हात लावला नव्हता. लावला असता तर मला कळलं असतं, बोट माझी आहे.

आणि मला आणखीही काहीतरी माहीत होतं. त्या दिवशी काठावर वीस-पंचवीस माणसं खोळंबली होती. शिक्षिका, दवाखान्यातल्या नर्सबाई, एक हातात झाड घेतलेला माळी. सगळे मला हाका मारत होते. मी शेडच्या दारात उभी राहून घड्याळाकडे बघत होते. मामाने मान न वळवता विचारलं होतं, "कॅप्टन, झाकणात किती?" मला त्या वेळी नवल वाटायला हवं होतं, कारण मामा कधी कुणाला मोजायला सांगत नाही. मला नवल वाटलं नाही. मी झाकणाकडे एक नजर टाकली, काहीतरी काळं दिसलं, आणि म्हणाले, "दोन."

सोमवारी ते सगळं मला लख्ख आठवलं आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभी राहिले. खोटं कशाला सांगू? एरवी माझी जीभ टोकाला असते. तिकिटावरून कुणी वाद घातला तर मी त्याला नदीच्या मध्यावर गप्प करते. त्या दिवशी एक शब्द फुटला नाही.

मामाने चार वाजेपर्यंत पाय उघडला. गिअर वाचले होते. एक बेअरिंग गंजून खरखरत होतं, ते गेलं. त्याने ते फडक्यात गुंडाळलं, वरच्या भोकातले दोन्ही वायसर शर्टाच्या खिशात टाकले, आणि म्हणाला, "बोट वर राहील." मग शेडला कुलूप लावून घरी गेला. पाच वाजायच्या आत मामा घरी गेलेला मी जन्मात पाहिला नव्हता.

मंगळवारी शेड उघडली नाही. बुधवारी सकाळी मामीचा फोन. "जरा येऊन जा गं. ह्यांना काय झालंय मला कळत नाही. भीती बसलीय वाटतं ऑपरेशनची."

मी गेले. मनात ठरवून गेले होते की सांगून टाकायचं, पण वाटेत मामीसाठी केळी घेतली, म्हणजे केळी द्यायला आले असं म्हणता येईल. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय जात नाही.

मामी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसली होती. नुसती बसली होती, हात मांडीवर. मामीला असं बसलेलं पाहिलं की घरात कुणी आजारी आहे असंच वाटतं. आतून भांड्यांचा आवाज येत होता.

"आत कोण आहे?"

"तेच तर," मामी हळू आवाजात म्हणाली. "काल उठले आणि मला म्हणाले, तू बस. लसूण सोलला. कपडे धुतले, वाळत घातले. चिमटे मोजून लावले. आज सकाळपासून भांडी. एक घासायला पंधरा मिनिटं लागतात, दिसत नाही ना, मग बोटांनी चाचपून बघतात. मी म्हटलं अहो, राहू द्या, तर म्हणतात, मला मदत करायला सांगितलंय. कोणी सांगितलं म्हटलं, तर बोलत नाहीत."

मी स्वयंपाकघराच्या दारात गेले. मामा बेसिनपाशी उभा होता, बाह्या वर सरकवलेल्या, कोपरापर्यंत फेस. घासलेली भांडी उजवीकडे ओळीने पालथी, मोठ्यापासून लहानपर्यंत. मला एकदम कळलं तो काय करतोय. नऊ वर्षांपूर्वी त्याने जी शिक्षा दिली होती ती तो स्वतः भोगत होता. कुणाला न सांगता, अगदी शब्दशः.

"मामा," मी म्हणाले, "दोन मी म्हटलं होतं."

त्याने कढई विसळली, पालथी घातली.

"माझं लक्ष नव्हतं. काठावर माणसं होती. मी मोजलंच नाही. सोमवारीच सांगायला हवं होतं."

"माहितीय मला," मामा म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"तू काय चूक केलीस? बोटवाल्याने मोजायचं नसतं, मिस्त्रीने मोजायचं असतं." त्याने हात पुसले, आणि पुसतच राहिला. "डोळे गेले होते, तोंड नव्हतं गेलं. मला दिसत नाही, एवढं म्हणायचं होतं. ते म्हणवलं नाही, म्हणून तुला विचारलं. खाली पडला असेल असं तिला वाटलं, आणि दोन असतील असं मला वाटलं. काय फरक आहे?"

मी केळी ओट्यावर ठेवली.

"आहे फरक," त्यानेच उत्तर दिलं. "ती तिथल्या तिथे बोलली. मला दोन दिवस झाले."

मामी केव्हा माझ्यामागे येऊन उभी राहिली होती कुणास ठाऊक. तिला वायसर-बियसर काही समजलं नसेल, पण बाकी सगळं समजलं. तिने पदराने डोळे टिपले आणि लगेच तिचा आवाज चढला, कारण रडू आलं की तिचा आवाज चढतोच. "दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसलं, आणि स्वतःच्या डोळ्यात मुसळ! नऊ वर्षं! माझ्या लेकीला माझ्या घरात चोरासारखं यावं लागतं!"

"बास," मामा म्हणाला. सवयीने म्हणाला. मग म्हणाला, "फोन लाव."

मामीने लावला. मामाला नंबर दिसत नव्हता. फोन त्याच्या हातात देताना तिने आवाज मोठा करून दिला, ते बरं केलं, नाहीतर पुढचं आम्हाला ऐकायला मिळालं नसतं.

"आई? आज बुधवारी कसा काय फोन? बरं आहे ना सगळं?" मागे कुठलं तरी मशीन घरघरत होतं.

"मी बोलतोय," मामा म्हणाला.

मशीन बंद झालं.

मामाने खिशात हात घातला आणि ते दोन वायसर ओट्यावर ठेवले, जणू तिला दिसणार होते. "कॅप्टनच्या बोटीचं तेल मी बदललं होतं. वरच्या भोकाला जुना राहिला. त्याच्यावर नवा घातला मी. पाणी शिरलं. एक बेअरिंग गेलं."

मामी माझा दंड इतका आवळून उभी होती की संध्याकाळपर्यंत बोटं उमटलेली होती.

मग पक्कडताई म्हणाली, "मग आता काय, घरात राहून आईला मदत करणार का?"

मला वाटलं, संपलं. आता हा फोन ठेवणार आणि पुढची नऊ वर्षं सुरू.

"करतोय," मामा म्हणाला. "कालपासून. काल कपडे, आज भांडी. एक कढई राहिली होती, तीही झाली."

पलीकडून एक आवाज आला. हसू होतं की रडू, ते फोनवर ओळखता येत नव्हतं. मला वाटतं तिलाही येत नसावं.

"ते मी तुला बोलायला नको होतं," मामा म्हणाला. "गिअर लावायचा होता, तो लावला. ते बोलणं चुकलं. चार माणसांत बोललो, म्हणजे माफीही चार माणसांत मागायला हवी. इथे दोनच आहेत, तुझी आई आणि कॅप्टन."

"गिअर शाबूत आहेत ना?" पक्कडताईने विचारलं. तिचा आवाज जाड झाला होता.

"आहेत."

"नीट बघितलेत? की वाटलं?"

मामाने डोळे मिटले. "चाचपून बघितले. दिसत नाही मला. शुक्रवारी ऑपरेशन आहे."

"ते माहितीय. आईने सांगितलंय. उद्या येते मी. तोवर काही जोडू नका."

गुरुवारी सकाळच्या पहिल्या बसने ती आली. स्वतःची हत्यारांची पेटी घेऊन आली. शेडचं कुलूप मामाने काढलं, पण आत ती आधी गेली. बाकावर एक फडकं होतं, ते उचलून तिने वास घेतला आणि म्हणाली, "हे फडकं नऊ वर्षांपूर्वीचंच आहे का?" मामा म्हणाला, "धुतलंय मधे." शेडमधलं त्यांचं पहिलं बोलणं हे.

तिने नवं बेअरिंग बसवलं, सील बदललं, पाय जोडला. मामाला स्टुलावर बसवलं होतं. तो मान तिरकी करून ऐकत होता. पान्याचा प्रत्येक फेरा त्याच्या कानात जात होता. एकदाच म्हणाला, "अजून पाव." ती म्हणाली, "देतेय." तेल भरायच्या आधी तिने दोन्ही भोकांच्या कडांवरून नख फिरवलं, मग टॉर्च मारून बघितलं, मग पुन्हा नख. खालच्या भोकाला हातपंप लावून तेल वर चढवायला लागली. वरच्या भोकातून तेल बुडबुडे काढत आलं, मग बुडबुडे थांबले आणि शांत, मधासारखी धार ओघळली. वरचा स्क्रू. मग खालचा. हात पुसून ती उभी राहिली आणि भिंतीकडे वळली.

"तो गिअर काढ आता," मामा म्हणाला. "स्टूल घे हे."

पक्कडताई गिअरखाली उभी राहून आपलं नाव बघत होती. रंग पिवळट पडला होता. "का काढू? नियम वर्षाचा आहे. माझं वर्ष भरलेलं नाही."

"अगं, पण..."

"आजपासून मोजा. दुकान बघायला माणूस आहे माझ्याकडे. वर्षभर इथे आहे मी. भरलं की तुम्ही उतरवा, तुमच्या हाताने. चहासकट."

मामी दोन महिन्यांसाठी बोलवा म्हणत होती. पक्कडताईने वर्ष दिलं. मामाने स्टुलाची कड घट्ट धरली.

मग त्याने फडक्यातलं गंजलेलं बेअरिंग काढलं आणि स्वतः चाचपत भिंतीपाशी गेला. गिअरच्या शेजारचा खिळा बोटांनी शोधला आणि बेअरिंग टांगलं. रंगाचा डबा आणि ब्रश काढला. चाळीस वर्षं त्या भिंतीवरची सगळी नावं त्यानेच लिहिली होती. ब्रश बुडवला, भिंतीपर्यंत नेला आणि थांबला. कुठे लिहायचं तेच दिसत नव्हतं. त्याने ब्रश मागे केला. "तू लिही."

तिने लिहिलं. वेळ लागला नाही.

"मिस्त्री लिहिलंस ना?" मामाने विचारलं.

ती ब्रश पुसायला लागली. मीच वाचून दाखवलं. "बाबा लिहिलंय."

मामा भिंतीजवळ गेला. अजून जवळ गेला. इतका की नाक टेकलं आणि नाकाच्या शेंड्याला पांढरा रंग लागला. तरी दिसलं नाही. तो तसाच उभा राहिला, आणि आम्ही कुणीच त्याला मागे ओढलं नाही.

शुक्रवारी ऑपरेशनच्या आधी नर्सने ते नाक स्पिरिटने पुसलं, पण थोडा पांढरा ठिपका राहिलाच. शनिवारी सकाळी पट्टी निघाली. मामी म्हणाली घरी जाऊन पडा, मामा म्हणाला आधी शेड. काळा चष्मा लावून, मामीचा हात धरून तो आला, आणि थेट भिंतीसमोर जाऊन उभा राहिला. चष्मा कपाळावर चढवला. उजव्या डोळ्याने बघत राहिला.

"रंग ओघळलाय," म्हणाला.

"ब्रश तुमचा होता, बाबा," पक्कडताई दुसऱ्या बोटीच्या पायाखालून म्हणाली. ती बोट सकाळीच आली होती, तेल बदलायला.

मामाने चष्मा खाली घेतला, स्टुलावर बसला, आणि थोड्या वेळाने विचारलं, "झाकणात किती?"

"या आणि मोजा," ती म्हणाली. मग आठवण झाली असावी की त्याला वाकायला मनाई आहे. ती बाहेर आली, पितळी झाकण उचललं आणि त्याच्या उजव्या डोळ्यासमोर धरलं.

मामाने मोजले. घाई केली नाही.

"दोन," तो म्हणाला.